चोरीची खिडकी

आधीच कबूल करून टाकतो : मी चोर आहे. म्हणजे होतो. २००२ च्या दिवाळीपासून पुढे जवळजवळ तीन वर्षं मी एका अमेरिकन कंपनीचा माल घरात उजळ माथ्यानं वापरत होतो आणि त्या कंपनीला माझ्याकडून फुटकी कवडीही पोहोचलेली नव्हती. ‘माझ्या अशिलाला आपण चोरी करतो आहोत याचा पत्ताच नव्हता,’ असं एखादा वकील माझ्या वतीनं कोर्टात सांगू शकला असता. पण ते खोटं झालं असतं. पत्ता चांगला होता. फक्त सगळी आळीच चोर असली की चोरीला चोरी म्हणायची पद्धत राहत नाही. तिला ‘सोय’ म्हणतात.

त्याचं असं झालं. आमची कन्या शिकायला बंगलोरला गेली आणि तिच्याशी ई-मेलनं बोलता यावं म्हणून घरात कॉम्प्युटर आला. तो रीतसर विकत घेतला होता, हे इथं ठासून सांगतो. टीव्हीएवढा मॉनिटर, खालचा डबा, कीबोर्ड, माउस, शिवाय ‘तुमच्या भागात लाइट फार वरखाली होते हो’ म्हणून गळ्यात मारलेला यूपीएस, झाडून सगळ्याची पावती होती. सगळं बांधून झाल्यावर दुकानदार आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "विंडोज ओरिजनल घेणार, की... आपलं?"

त्या ‘आपलं’ या शब्दात केवढा जिव्हाळा होता! मी ओरिजनलची किंमत विचारली, ती ऐकली आणि मुकाट्यानं ‘आपलं’च्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

‘आपलं’ टाकायला आमच्याच सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे चिरंजीव आले. हे त्या वेळी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा होते. त्यांनी खिशातून एक सीडी काढली. तिच्यावर काळ्या मार्करनं ‘एक्सपी’ एवढीच अक्षरं. मशीननं पंचवीस अक्षरांची किल्ली मागितली तेव्हा चिरंजीवांनी कुठंही न बघता ती बडवली. ‘एफ-सी-के-जी-डब्ल्यू...’ रामरक्षा म्हणावी तसा ओघ. परीक्षेतलं एक सूत्र या मुलाला येत नाही म्हणून त्याची आई जिन्यात भेटेल तिला सांगायची, आणि इथं हा प्रकार!

ही किल्ली त्या काळी निम्म्या जगाला पाठ होती, हे मला फार नंतर कळलं. कंपनीनं मोठ्या गिऱ्हाइकांसाठी एक खास आवृत्ती काढली होती. शेकडो मशीनं, एकच किल्ली, आणि ‘आम्ही विंडोज बसवलं हो’ अशी वर्दी कंपनीला द्यायची भानगड नाही. विंडोज एक्सपी दुकानात आलं २५ ऑक्टोबर २००१ रोजी. किल्ली त्याच्याआधीच फुटली होती. लग्नाआधीच बारसं, म्हणतात ते हेच.

जाता जाता चिरंजीव म्हणाले, "काका, एकच पथ्य. अपडेट म्हणून काही आलं ना, तर ‘नो’ म्हणायचं. अपडेट घेतलं की त्यांना कळतं."

‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. त्यातही थोडं तथ्य होतंच. सप्टेंबर २००२ मध्ये कंपनीनं दुरुस्त्यांचं एक मोठं गाठोडं बाजारात आणलं होतं आणि ते या फुटलेल्या किल्लीच्या मशीनवर चढायला चक्क नकार देत होतं. पण ते गाठोडं निराळं आणि अधूनमधून येणाऱ्या तातडीच्या पुड्या निराळ्या, हा भेद चिरंजीवांना ठाऊक नव्हता. मला तर विंडोज म्हणजे खिडकी यापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा फुगा आला रे आला, की मी तो टाचणी लावल्यासारखा फोडून टाकत असे.

आता या गोष्टीत अण्णा येतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले, वय सत्याहत्तर. शाळेचा खडू कधी सदऱ्याच्या खिशातून चुकून घरी आला तर दुसऱ्या दिवशी तो परत नेणारा माणूस. एकदा पीएमटीच्या गर्दीत कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन तिकिटं घेतली आणि त्यातलं एक फाडून टाकलं. माझी आई म्हणायची, "यांना चित्रगुप्तानं हिशेबाला मदतनीस म्हणून बोलवलं तर हे आधी त्याच्याच चुका काढतील." घरातल्या प्रत्येक वस्तूची पावती अण्णांच्या एका खाकी फायलीत असायची. मला शंका आहे की माझ्या जन्माचीही असावी.

तर या अण्णांनी कॉम्प्युटरचा ताबा घेतला. पहिले पंधरा दिवस ते त्याच्याकडे नुसते बघत होते, वर्गात नवीन आलेल्या द्वाड पोराकडे बघावं तसे. मग एके दिवशी म्हणाले, "यावर मराठी लिहिता येतं?" चिरंजीवांनी मराठीचे ठसेही टाकून दिले (तेही ‘आपले’च). आणि अण्णांनी उजव्या हाताच्या एका बोटानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. रोज सकाळी नऊ ते अकरा. शाळेचीच वेळ जशी. टक्... टक्... टक्... मध्ये एक मोठी शांतता. ती जोडाक्षर शोधण्याची.

२००३ च्या श्रावणापर्यंत एकशेबारा पानं झाली होती. जेवताना अण्णा बातमी देत, "आज एकोणीसशे त्रेपन्न संपलं." मी ‘वा’ म्हणत असे. मी त्यातलं एकही पान वाचलेलं नव्हतं. फाइल आहेच की घरात. केव्हाही वाचू.

पुढे मनाला टोचणी लागली तेव्हा मी या चोरीचा इतिहास खणून काढला. चोराला निदान आपलं घराणं माहीत असावं. घराणं मोठं निघालं.

मूळपुरुष अमेरिकेतला. १९७५ मध्ये तिकडे ‘अल्टेअर’ नावाचा एक घरगुती कॉम्प्युटर निघाला होता. त्याला पडदाही नव्हता न् कीबोर्डही नव्हता. पुढे नुसते दिवे आणि खटके. त्याला काही सांगायचं तर त्याला समजेल अशी भाषा हवी. ती ‘बेसिक’ नावाची भाषा बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिली. ती विकली जायची भोकं पाडलेल्या कागदी फितीवर. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी एका हॉटेलात या मशीनचं प्रदर्शन होतं. तिथून एक फीत नाहीशी झाली. नंतर एका हौशी मंडळाच्या बैठकीत तिच्या प्रतींचं खोकं फिरलं आणि प्रत नेणाऱ्यांना अट एकच घालण्यात आली : पुढच्या वेळी येताना एकाच्या दोन करून आणा. आपल्याकडे पूर्वी पोस्टकार्डं यायची, ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास नाश होईल’, त्याच जातीतला मामला. फक्त इथं नाश गेट्सचा व्हायचा होता.

३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्सनं हौशी मंडळींना एक उघडं पत्र लिहिलं. वय वर्षं वीस! त्यानं हिशेब मांडला की अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्के लोकांनीसुद्धा बेसिक विकत घेतलेलं नाही, आम्ही वापरलेल्या मशीनच्या वेळेचीच किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर जाते, आणि आम्हाला सुटलेली मजुरी तासाला दोन डॉलरही पडत नाही. थोडक्यात, तुम्ही बहुतेक सगळे चोर आहात. पत्र वाचून हौशी लोक खूप चिडले. चोराला चोर म्हटलं की तो चिडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

याच गेट्सनं १९९८ मध्ये एका विद्यापीठात चीनबद्दल बोलताना निराळा सूर लावला. चोरायचंच आहे तर त्यांनी आमचं चोरावं. सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पुढच्या दहाएक वर्षांत बघू, अशा अर्थाचं तो बोलला. चहावाल्या कंपन्यांनी एके काळी आपल्याकडे फुकट चहा पाजून देशाला जी सवय लावली, तीच ही विद्या. म्हणजे चोरही खूश आणि सावही बेफिकीर! मी ज्या सोयीत सुखानं नांदत होतो, तिचा पाया असा दोन्ही बाजूंनी घातलेला होता.

घराण्याची दुसरी शाखा लाहोरची. तिथं बासित आणि अमजद अल्वी हे दोघे भाऊ वैद्यकीय उपयोगाचं सॉफ्टवेअर विकत. लोक ते फुकट उतरवून घेत. १९८६ मध्ये त्यांनी चोरांना अद्दल घडवण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फ्लॉपीची नक्कल केली की हा तिच्यात जाऊन बसायचा आणि तिथून पुढच्या फ्लॉपीत. आयबीएमच्या घरगुती कॉम्प्युटरांना झालेला हा पहिला विषाणू, नाव ‘ब्रेन’. त्यातली गंमत अशी की या सद्गृहस्थांनी आत आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, आणि लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा, असंही लिहून ठेवलं होतं. विष आणि उतारा एकाच दुकानात! लवकरच अमेरिकेतून लाहोरला फोन येऊ लागले. भाऊ चकित. आपली फ्लॉपी एवढी हिंडेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

‘लस’ हा शब्द मात्र तेव्हापासून या धंद्याला चिकटला.

आता आपला कायदा बघा. १९८४ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला ‘साहित्यकृती’च्या रांगेत बसवलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत विंडोज एक्सपी आणि एखादा कवितासंग्रह शेजारी शेजारी. (मराठी कवितासंग्रहाच्या एवढ्या चोऱ्या झाल्या असत्या तर कवीनं सोसायटीत पेढे वाटले असते.) १९९५ पासून तर असं आहे की, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, आणि वर पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. अण्णांचं आत्मचरित्र धंद्यात मोडत नाही, एवढाच काय तो माझा आधार होता.

आणि मग ऑगस्ट २००३ उजाडला.

त्या महिन्याच्या ११ तारखेला ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभर सुटला. तोपर्यंतचे बहुतेक रोग निदान दाराची कडी वाजवून येत. कुणाची तरी मेल यायची, आपण हावरटपणे ती उघडायची, मग व्हायचं ते व्हायचं. याला काहीच उघडावं लागत नव्हतं. टेलिफोनची वायर जोडून मशीन इंटरनेटवर गेलं की हा खिडकीतून आत. किड्याच्या पोटात बिल गेट्सला उद्देशून निरोप होता, पैसे करणं थांबव आणि आपलं सॉफ्टवेअर दुरुस्त कर, अशा अर्थाचा. शिवाय ज्या पत्त्यावरून लोक दुरुस्त्या घेत, त्याच पत्त्यावर १६ ऑगस्टला हल्ला चढवायचा, असाही त्याचा बेत होता. म्हणजे आधी साथ पसरवायची आणि मग दवाखान्याला आग लावायची.

आमच्याकडे तो गणपतीच्या आदल्या आठवड्यात आला. मी कन्येची मेल बघायला वायर जोडली, आणि पडद्यावर एक चौकोन उभा राहिला : मशीन साठ सेकंदांत बंद होत आहे. एकोणसाठ, अठ्ठावन्न... साठ सेकंद संपली, मशीन बंद पडलं, आपोआप चालू झालं. पुन्हा वायर, पुन्हा चौकोन. अण्णा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "परीक्षेत शेवटचा टोल द्यावा तसं करतंय."

आता खरी नामुष्की सांगतो. या किड्यावरची पुडी कंपनीनं १६ जुलैलाच बाजारात ठेवली होती. किडा यायच्या सव्वीस दिवस आधी. फुकट. आणि ती पुडी फुटक्या किल्लीवाल्या मशीनलाही चालत होती! तुम्ही साव की चोर, हे तिनं विचारलंच नसतं. जुलैमध्ये पिवळा फुगा आला असणार आणि मी तो शिरस्त्याप्रमाणे फोडला असणार.

मला लहानपणचा देवी टोचणारा आठवतो. सायकलवरून यायचा, खाकी पिशवी घेऊन. तो आळीत शिरला की आम्ही पोरं वाड्याच्या माळ्यावर गोवऱ्यांच्या मागे जाऊन बसत असू. त्यानं कधी कुणाला जात विचारली नाही, भाडेकरू की मालक विचारलं नाही, घरपट्टी भरली का ते तर नाहीच नाही. दंड दिसला की टोचायचा. त्याचंही साधं गणित होतं : भाडं थकवणाऱ्याच्या पोराला देवी आल्या तर त्या मालकाच्या पोरालाही येणार. असंच दंडामागून दंड टोचत जाऊन १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. माझ्या दंडावर दोन वण आहेत, कारण आईनं माळ्यावर चढून मला तंगडीला धरून खाली ओढलं होतं. २००३ मध्ये तंगडी ओढायला आई नव्हती. मी माळ्यावरच बसून राहिलो, आणि माझं मशीन स्वतः आजारी पडून वर दुनियेला रोग वाटत बसलं. त्यात पैसे भरून विंडोज घेतलेले, पण माझ्यासारखेच आळशी असलेले किती असतील कोण जाणे!

चिरंजीव आले. त्यांनी मशीनकडे वैद्यबुवांच्या नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "फॉरमॅट मारावं लागेल."

त्या काळी चिरंजीवांच्या वयाच्या समस्त डॉक्टरांकडे हे एकच औषध होतं. सर्दीला फॉरमॅट, पडशाला फॉरमॅट. मी ‘मार’ म्हणालो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं हे मला माहीत नव्हतं, आणि पाटीवर काय होतं हे त्याला माहीत नव्हतं. अण्णा देवळात गेले होते.

गंमत म्हणजे पाटी पुसून, तीच सीडी पुन्हा टाकून, वायर जोडली तर पाच मिनिटांत तोच चौकोन पुन्हा हजर. चिरंजीवांनी त्या दिवशी तीनदा पाटी पुसली. एकदा पुसली तरी पुरे होती.

अण्णा देवळातून आले, हातपाय धुऊन बसले आणि आपली फाइल शोधू लागले. दहा मिनिटं शोधून त्यांनी मला हाक मारली. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मूळ प्रत असेल ना? या विंडोजवाल्यांकडे तक्रार करता येईल. पावती काढ."

मी गप्प.

"पावती कुठाय?"

मग मला तेही सांगावं लागलं. बावन्नाव्या वर्षी बापासमोर उभं राहून चोरी कबूल करण्याचा प्रसंग आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मी माझं आयुष्य चोरीच्या पाटीवर लिहीत होतो," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "त्या पोराला काही बोलू नकोस. त्यानं पैसेही घेतलेले नाहीत. चहा दे त्याला."

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आले. वहीची पावती खाकी फायलीत गेली.

त्या साथीचं पुढे काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. ब्लास्टरच्या पाठोपाठ आठवडाभरात कुणा परोपकारी माणसानं ‘वेल्चिया’ नावाचा दुसरा किडा सोडला. हा मशीनमध्ये शिरायचा, ब्लास्टरला हुसकायचा, कंपनीकडून पुडी आणून स्वतःच्या हातानं लावायचा आणि पुढच्या घरी जायचा. केवढा उदात्त हेतू! पण या समाजसेवकांच्या झुंडीच एवढ्या हिंडू लागल्या की रस्ते तुंबले. एअर कॅनडाच्या प्रवाशांची खोळंबाखोळंब झाली, अमेरिकन आरमाराचं जाळंसुद्धा अडलं. आम्हा पुणेकरांना यात नवल वाटू नये. १८९७ च्या प्लेगात रँडसाहेबाचे गोरे शिपाई आमच्या पूर्वजांच्या माजघरात शिरले होते तेही आरोग्यासाठीच. हेतू कितीही चांगला असो, न विचारता घरात आलेला माणूस पायातले बूट काढत नाही.

कंपनीपुढे मात्र खरा पेच पडला. चोरांना लस द्यायची की नाही? द्यावी, तर पैसे भरणारा म्हणणार, मग मी काय वेडा म्हणून भरले? न द्यावी, तर चोराच्या घरची साथ सावाच्या घरी. २००५ मध्ये तोडगा निघाला : आधी मशीन अस्सल आहे का ते तपासू, नसेल तर बाकीच्या भेटवस्तू बंद, पण आपोआप जाणाऱ्या सुरक्षेच्या पुड्या चालू. मला हा निर्णय मनापासून आवडतो. त्यात धंदा असेल, भीती असेल, पण देवी टोचणाऱ्याचं गणित त्यांना कळलं होतं. चोरांना ते कळलं नाही. ‘तपासणार’ एवढाच शब्द ऐकून ते आणखी वरच्या माळ्यावर चढले. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं चीनमध्ये नकली मशीनचा पडदा तासातासाला काळा करायला घेतला, तेव्हा तर तिकडे कोण बोंब उठली! आणि त्याच महिन्यात एक तातडीची पुडी निघाली, ती अनेकांनी घेतली नाही, आणि नोव्हेंबरात ‘कॉन्फिकर’ आला. लाखो मशीनं त्याच्या घशात गेली.

पुढे २०१४ च्या ८ एप्रिलला एक्सपीची लसच कायमची बंद झाली. पण १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ आला. तो फायली कुलपात घालून तीनशे डॉलर खंडणी मागायचा. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांनी रोग्यांना परत पाठवलं. याची पुडीही दोन महिने आधी, मार्चमध्ये, निघालेली. ती न घेतलेल्यांत अस्सल पावतीवाले ढीगभर होते. त्या वेळी कंपनीनं तीन वर्षांपूर्वी मेलेल्या एक्सपीसाठीसुद्धा लस काढून ती सगळ्यांना वाटली. साथ मोठी असली की म्हाताऱ्यालाही टोचतात.

अपडेटवर आंधळा विश्वास ठेवावा म्हणाल, तर तेही जमत नाही. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या अस्सल सॉफ्टवेअरच्या अस्सल अपडेटमधूनच. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि इकडे न्हावा-शेवाच्या बंदरात एका टर्मिनलचं काम अडून बसलं. तिकडच्या टोचणाऱ्याची सुई बिघडली आणि उरणच्या रस्त्यावरचे ट्रकवाले बिड्या ओढत बसले. २०२४ च्या जुलैत तर राखणदारी करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचंच अपडेट चुकलं, ८५ लाख मशीनं निळी पडली, आणि आपल्याकडे विमानाचे बोर्डिंग पास चक्क पेनानं लिहून द्यावे लागले. तेव्हा मला अण्णांची वही आठवली.

कन्येनं २००५ मध्ये पहिल्या पगारातून अस्सल विंडोजचं खोकं आणलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पावती फायलीत लावली आणि पुन्हा वहीकडे वळले. म्हणाले, "असू दे. हिला साठ सेकंदांचा टोल नाही."

पण हात आता थकला होता. नऊ ते अकराचं साडेनऊ ते दहा झालं. २००९ मध्ये अण्णा गेले. वहीची शेवटची ओळ १९४९ ची आहे : मुलगी बघायला म्हणून वाईच्या सर्व्हिस मोटारीत बसलो, खिडकीजवळची जागा मिळाली.

ती मुलगी म्हणजे माझी आई. लग्न १९५० मधलं. कॉम्प्युटरवर अण्णा त्रेपन्नाच्या पुढे गेले होते, म्हणजे ती पानं लिहून झाली होती. मोटार वाईला पोहोचली होती, मुलगी दिसली होती, काय बोलणं झालं असेल ते झालं होतं. ते वाचलेला माणूस या जगात कुणीच नाही.

सध्या मी ती वही टाइप करतो आहे. दोन बोटांनी, आमच्या घराण्यात तेवढी प्रगती आहे. मशीन अस्सल, पावतीसकट. पण त्यावरच्या विंडोज दहाची लस १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. रीतसर अर्ज करणाऱ्याला आणखी एका वर्षाची, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदतवाढ आहे. पुढच्या आवृत्तीला जी चिप लागते ती आमच्या मशीनला नाही. तेही माझ्यासारखंच निवृत्तीला आलेलं.

हे मला समजावून सांगितलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी. ते आता कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्याच नोकरीत आहेत. कानशिलं पांढरी झाली आहेत आणि लोकांनी अपडेट घ्यावं म्हणून व्याख्यानं देत गावोगाव फिरतात. मागच्या रविवारी आई-वडिलांना भेटायला आले होते, तेव्हा वर येऊन त्यांनी स्वतः बसून माझा अर्ज भरला.

"काका, एकच पथ्य," उठताना म्हणाले. "अपडेट आलं की ‘येस’ म्हणायचं."

मग टेबलावरच्या वहीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आजोबा ते पुस्तक लिहीत होते ना हो? झालं का ते पुरं?"

मी म्हणालो, "झालं होतं. टाइप करतोय." आणि आत चहा टाकायला सांगितला.